सेकंडहँड कॅमशाफ्ट घ्यावा का? आधी टॅपेट बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आजोबांची अँबॅसिडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, बांधायला काढलंय. कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, थोडक्यात कॅम) एक लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, झिजून खाल्लेला निघाला. इंदूरच्या लोहामंडीतल्या भंगार यार्डातून एक जुना कॅम मिळालाय आणि त्याच्यासोबत पिशवीत आठ टॅपेट, म्हणजे लोबवर बसून व्हॉल्व्हकडे उचल पोचवणारे तुकडे. मिस्त्री म्हणतात, चालून जाईल. तुमचे स्वतःचे टॅपेट दिसायला चांगले आहेत, म्हणून नव्यानं आणलेल्या कॅमवर ते बसवावेत की पिशवीतले, हा तुमचा प्रश्न.

उत्तर आधी देतो. कॅम बहुधा चालेल, पण तो मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. टॅपेट मात्र दोन्हींपैकी कुठलेच चालणार नाहीत. नवे आठ घ्या. मिस्त्रींच्या हातावर माझा अविश्वास नाही, पण या एका बाबतीत ‘चालून जाईल’ याचा अर्थ ‘काही शे किलोमीटर चालून जाईल’ एवढाच असतो. त्यानंतर हेच इंजिन पुन्हा उघडावं लागतं. तेव्हा नुसता कॅम गेलेला नसतो, बेअरिंगही गेलेली असतात.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये (इंजिनच्या मुख्य सांगाड्यात) असतो आणि टॅपेटचा तळ थेट लोबवर घासतो. वरून बघितलं तर टॅपेटचा तळ सपाट वाटतो, पण तो सपाट नसतो. मध्ये अगदी थोडा फुगीर असतो, साधारण दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. लोबही रुंदीच्या दिशेनं किंचित तिरपा घासलेला असतो आणि टॅपेटच्या मध्यापासून जरा बाजूला बसवलेला असतो. या तिन्ही गोष्टी मिळून टॅपेट प्रत्येक उचलीबरोबर स्वतःभोवती थोडा फिरतो. फिरला की घर्षण एका रेषेवर साचत नाही, तेल पसरतं, आणि कॅम दोन-दोन पिढ्या टिकतो. फिरायचा थांबला की लोबचं टोक रंध्यासारखं एकाच जागी टॅपेट तासत राहतं.

आता जुना टॅपेट घ्या. तो ज्या लोबवर चालला, त्याच्या बारीक खाचाखोचांशी त्याचा तळ जुळलेला असतो. त्याला दुसऱ्या लोबवर ठेवलं की भार पूर्ण तळावर न जाता दोन-चार बारीक उंचवट्यांवर जातो. लोबच्या टोकाशी दाब आधीच प्रचंड असतो. तेलाची फिल्म तुटते, धातूला धातू लागतो, आणि कठीण थर एकदा फुटला की खालचा मऊ धातू भराभर जातो. म्हणून आमच्या धंद्यात नियम साधा आहे: जुना टॅपेट फक्त त्याच्याच जुन्या लोबवर, त्याच जागी. नव्या किंवा दुसऱ्या कॅमवर नवा टॅपेट. चांगल्या जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतात, पण नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाही.

तुमच्या पिशवीतले आठ टॅपेट त्याच कॅमचे असतीलही. पण कुठला कुठल्या लोबवरचा, हे आता कोण सांगणार? एकदा पिशवीत गेले की त्यांचा क्रम गेला. दिसायला चांगले असणं इथे काही कामाचं नाही.

यार्डात अजून कुठे अख्खं इंजिन पडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. या इंजिनाची एक सोय फार उपयोगी आहे: ब्लॉकच्या बाजूला दोन पत्र्याची कव्हरं असतात. रॉकर (वर व्हॉल्व्ह दाबणारे) आणि पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या काठ्या) काढले की तिथून टॅपेट हातानं बाहेर येतात, कॅम काढावा लागत नाही. भंगारवाल्याला चार पैसे जास्त द्या, पण टॅपेट स्वतः उभं राहून काढून घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडा, पुढून मागे नंबर टाका आणि एकेक त्या भोकात ठेवा. मग कॅम काढा. असा सेट मिळाला, तळ चांगले निघाले, तर तो जसाच्या तसा बसवायला माझी हरकत नाही. टॅपेट तुमच्या ब्लॉकच्या भोकात तेल लावून सोडला की स्वतःच्या वजनानं सावकाश उतरला पाहिजे आणि बोटानं मोकळा फिरला पाहिजे. अडकला किंवा खडखडला तर तिथेच थांबा.

तळ कसा बघायचा तेही सांगतो. टॅपेट धुऊन पुसून घ्या. स्टीलच्या पट्टीची सरळ कड तळावर उभी धरा आणि खिडकीकडे तोंड करून बघा. कडेला दोन्ही बाजूंनी उजेडाची बारीक रेघ दिसली, मध्ये पट्टी टेकली, तर फुगीरपणा शिल्लक आहे. उजेड मध्ये दिसला तर टॅपेट खोलगट झालाय, तो भंगारात. मग तळावरच्या घासाच्या खुणा बघा. गोल, एकसारख्या वलयांची खूण म्हणजे टॅपेट फिरत होता. एकाच दिशेची पट्टी दिसली तर तो फिरत नव्हता, आणि तो ज्या लोबवर होता तो लोबही संशयाखाली. बारीक खड्डे, टवके, निळसर डाग असेल तर पुढे विचारच नको.

आपल्याकडे एक पद्धत सर्रास चालते. टॅपेटचा तळ खराब दिसला की सरफेस ग्राइंडरवर सपाट घासून चकाचक करून देतात. कुणी काचेवर पॉलिश पेपर ठेवून हातानं घासतं. कृपा करून हे करू नका. चकाकी येते, पण फुगीरपणा जातो. असा टॅपेट फिरत नाही आणि चांगल्या कॅमचं वाटोळं करतो. टॅपेटचा तळ योग्य वक्रतेनं घासून देणारं मशीन ज्याच्याकडे आहे त्यालाच ते काम द्यावं, नाहीतर नवे घ्यावेत.

आता कॅमकडे येऊ. यार्डातून आणताना तो हातगाडीवर टाकून आणला असेल तर आधी तडा बघा. हे कॅम बहुतेक चिल्ड कास्ट आयर्नचे असतात: ओतताना लोबच्या जागी साचात धातूचे चिल ठेवून पृष्ठभाग पटकन थंड केलेला, त्यामुळे वरचा थर अतिशय कठीण आणि तितकाच ठिसूळ. पडला तर तुटतो किंवा केसासारखी चीर जाते. रॉकेलनं धुऊन, कोरडा करून डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारा. मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकानं चीर शोधणं, होत असेल तर उत्तम. ठेवताना उभा टांगा किंवा जर्नलखाली (कॅम ज्यावर फिरतो त्या गोल भागांखाली) आधार देऊन आडवा ठेवा.

मग डोळ्यानं लोब बघा. चांगल्या लोबवरचा चकचकीत पट्टा एका कडेकडे झुकलेला असतो, पूर्ण रुंदी व्यापत नाही. पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरला असेल तर लोबचा तिरपेपणा झिजून गेलाय. टोकाशी नखाला लागेल अशी कड, खड्डे किंवा खरवडल्यासारख्या रेघा असतील तर तो कॅम जसा आहे तसा वापरायचा नाही. गंजाचं थोडं वेगळं आहे. जर्नलवर वरवरचा गंज असेल तर तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं निघतो. लोबच्या मागच्या गोल भागावर एखादा बारीक ठिपका असला तरी मी कॅम फेकत नाही, कारण तिथे भार नसतो. टोकावर किंवा चढावर गंजाचा खड्डा असेल तर मात्र तो तिथूनच फुटायला लागेल.

डोळ्यानंतर मायक्रोमीटर. प्रत्येक लोबची टोकापासून पाठीपर्यंतची उंची मोजा, मग त्याला काटकोनात गोल भागाची जाडी. वजाबाकी म्हणजे उचल. बरोबर पद्धत खरं तर कॅम व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या आधारावर) ठेवून डायल गेजनं (काट्याच्या मापकानं) पूर्ण फेरा बघणं ही आहे, पण घरी मायक्रोमीटरनंही अंदाज चांगला येतो. या इंजिनात पुढून मोजलं तर पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा लोब एक्झॉस्टचे, मधले दुसरा, तिसरा, सहावा आणि सातवा इनलेटचे. एक्झॉस्टची तुलना एक्झॉस्टशी करा, इनलेटची इनलेटशी. चौघांत ०.०५ मिमीच्या आत फरक असेल तर मी खूश असतो. ०.१ मिमीच्या पुढे गेला तर तो कॅम ग्राइंडिंगशिवाय घेत नाही. लक्षात घ्या, रॉकर ही उचल वाढवून व्हॉल्व्हपर्यंत नेतो, म्हणजे लोबवर गेलेलं व्हॉल्व्हवर त्याहून जास्त जातं. आणि ज्या चौघांतला एक झपाट्यानं झिजतोय, तो उद्या आणखी झिजणार आहे. कठीण थर फुटला की तो थांबत नसतो.

डायल गेज आहेच तर मधल्या जर्नलवर टेकवून कॅम वाकलाय का तेही बघा. दीड-दोन थाऊच्या आत असावा.

तीन जर्नलचं माप घ्या आणि ब्लॉकमधल्या बुशशी (जर्नल ज्यात फिरतो त्या कड्यांशी) ताळा करा. तिन्हींचा व्यास वेगवेगळा असतो, पुढचा सगळ्यात मोठा, मागचा सगळ्यात लहान, म्हणजे कॅम पुढून आत सरकवता येतो. तेलाची फट एक ते दोन थाऊ, पुढे-मागे खेळ तीन ते सात थाऊ. दुसऱ्या इंजिनाचा कॅम तुमच्या जुन्या बुशमध्ये बरोबर बसेलच असं नाही. ब्लॉक रिकामा आहेच तर बुश नवे टाका. टाकताना बुशचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का, हे तार घालून बघा. भोक झाकलं गेलं तर त्या जर्नलला, आणि तिथून पुढे रॉकरला, तेलच मिळणार नाही.

कॅमवर एक गियरही असतो, डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा. लोब बघण्याच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. दात टोकदार झाले असतील किंवा एका बाजूनं खाल्ले असतील तर इग्निशन टायमिंग एका जागी राहणार नाही, आणि तुम्ही कार्ब्युरेटर खोलत बसाल.

आणखी एक. अँबॅसिडरला याच घराण्यातलं डिझेल इंजिनही आलं होतं, शिवाय वर्षानुवर्षांच्या उत्पादनात बदल होत गेले. यार्डात सगळे एकाच ढिगात असतात. भंगारवाल्याच्या शब्दावर घेऊ नका. तुमचा जुना कॅम सोबत न्या, शेजारी ठेवा, जर्नल, गियरची जागा, लोबचा आकार आणि एकमेकांशी असलेला कोन जुळवून बघा.

तुमचा स्वतःचा कॅम फेकून दिला नसेल तर तोही घेऊन या. एकच लोब खाल्ला असेल आणि खोलवर नसेल, तर सगळे लोब पुन्हा घासून मूळ उचल परत आणता येते. गोल भागही तितकाच लहान होतो, टॅपेट तेवढा खाली बसतो, आणि तो फरक रॉकरच्या स्क्रूमध्ये भरून निघतो, निदान अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत तरी. पण हे काम क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगवाल्याचं नाही. कॅम घासायला त्या लोबच्या आकाराचा मास्टर (नमुना) लागतो. तो आहे का, हे आधी विचारा. आणि घासून आलेला कॅम हा टॅपेटच्या दृष्टीनं नवा कॅम असतो, त्यावर टॅपेट नवेच. लोबवर साध्या रॉडनं वेल्डिंग भरून घासून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून परत या. चिल्ड आयर्नवर तो भराव टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ नवाच कॅम का नको? मिळाला आणि चांगला मिळाला तर जरूर घ्या. पण २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला. त्यानंतर बाजारात जे ‘नवं’ मिळतं त्यात जुना शिल्लक अस्सल माल असतो, चांगली नक्कल असते आणि वाईट नक्कलही असते. डबा बघून फरक कळत नाही. म्हणूनच मी जुन्या अस्सल कॅमला नाकं मुरडत नाही. चांगल्या स्थितीतला जुना कॅम मऊ नव्यापेक्षा कितीतरी बरा. एक साधी परीक्षा करा. बारीक दातांची कानस लोबच्या बाजूच्या कडेवर, चालत्या पृष्ठभागावर नव्हे, हलकेच ओढा. कानस घसरली तर थर कठीण आहे. धातू खाल्ला तर कॅम परत करा. टॅपेटचीही तीच परीक्षा, तळाच्या अगदी काठावर. पीथमपूरच्या कुठल्या कारखान्यात ओळख असेल तर एक टॅपेट हार्डनेस टेस्टरखाली ठेवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

बसवण्याआधी एक काम कुणी सांगत नाही, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या इंजिनातला जो लोब खाल्ला गेला, तो धातू गेला कुठे? तेलात. तिथून तेलाच्या पंपात, गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत), क्रँकच्या भोकांत. अतिशय कठीण लोखंडाची ती पूड व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये रुतून बसते आणि क्रँक घासत राहते. पंप उघडा, आतल्या रोटरवर चरे आहेत का बघा. गॅलरीचे प्लग काढून ब्रश आणि डिझेल घालून धुवा, हवा मारा. क्रँकची भोकंसुद्धा. हे न करता कॅम बदलणं म्हणजे नव्या कॅमला त्याच पुडीवर जेवायला बसवणं. आणि असा झिजलेला लोब असताना गाडी काय करत होती, हे आठवून बघा. एक्झॉस्टचा लोब गेला असेल तर कॉम्प्रेशन ठीक दाखवूनही कार्ब्युरेटरमधून फुस्सफुस्स उलटा धक्का येतो, कारण जळलेला वायू बाहेर जायला वाट मिळत नाही. टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) सेट केली तरी आठवड्यात पुन्हा वाढते. हे दोन्ही होत असेल तर पूड बरीच फिरलेली आहे असं समजून चाला.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मूळ ताकदीच्याच ठेवा. कुणीतरी ‘पिकअप’ साठी कडक स्प्रिंगा घातल्या असतील तर काढा. कॅम फिरवणारी चेन आणि तिची दोन्ही चक्रं एकत्र बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन महिन्याभरात ढिली पडते. खुणेला खूण जुळवली की नंतर क्रँक दोन पूर्ण फेरे हातानं फिरवून पुन्हा तपासा.

लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. नुसतं इंजिन ऑइल पहिल्या मिनिटातच पुसलं जातं. पुशरॉड आणि जर्नलला साधं तेल पुरे.

तेलाबद्दल. या प्रकारच्या कॅमला झिंक आणि फॉस्फरसचं मिश्रण, ज्याला झेडडीडीपी म्हणतात, ते लागतं. नव्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारं यंत्र) वाचवायला २००४ साली आलेल्या एसएम या तेलाच्या दर्जापासून ५-३०, १०-३० सारख्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यावर बांधला गेला. २०-५० सारख्या जाड तेलांना ते बंधन नाही. म्हणून पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ‘साहेब, हे लेटेस्ट’ म्हणून पातळ तेल देईल, ते घेऊ नका. चांगलं २०-५० घ्या.

आता पहिलं स्टार्टिंग. इथे चांगला कॅम पहिल्या वीस मिनिटांत खराब होऊ शकतो. लोबला थेट तेलाचा फवारा नसतो, क्रँकनं उडवलेल्या तेलावर तो जगतो. आयडलवर क्रँक सावकाश फिरतो, तेल कमी उडतं, आणि स्प्रिंगचा पूर्ण भार टोकावर येतो. म्हणून इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच थोडं वर-खाली करत ठेवायचं. आयडल अजिबात नाही. त्यासाठी आधी सगळी तयारी हवी: स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारून तेलाचं प्रेशर वर आणलेलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, टायमिंग जवळपास बरोबर. सुरू होत नाही म्हणून दहा मिनिटं स्टार्टर मारत राहिलात तर पेस्ट तिथेच संपते. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी हे करू नका, पहाटे करा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होऊ लागला तर टायमिंग मागे आहे. बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा सुरू करून थेट २००० वर. सुरू असताना ऑइल फिलरचं झाकण काढून बघता आलं तर पुशरॉड फिरताना दिसतील. एखादा फिरत नसेल तर त्याखालचा टॅपेट फिरत नाहीये, लगेच थांबा.

एवढं झालं की तेल आणि फिल्टर बदला. जुनं तेल पांढऱ्या कापडातून गाळून बघा, थोडी करडी पूड येईल, चमचमणाऱ्या कण्या येऊ नयेत. पहिले पाचशे किलोमीटर देवास रोडवर मोकळं चालवा, भेरूघाट चढवायला नेऊ नका. नंतर हेडचे (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे) नट कसून बघा, टॅपेट पुन्हा सेट करा. या इंजिनात नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा तेव्हा दुसरा, असं पुढे.

तुमच्या भावाच्या मारुती ८०० बद्दलही विचारलंत. तिथे कॅम हेडवर असतो, टॅपेटऐवजी रॉकर लोबवर घासतात. जोडीचा नियम तोच, जुना रॉकर दुसऱ्या कॅमवर नको. मात्र हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि कॅम त्यातच फिरतो, म्हणून जर्नलपेक्षा हेडमधली भोकं आधी मोजा. ती मोठी झाली असतील तर सेकंडहँड कॅमवर पैसे घालवू नका, हेडच शोधा. रोलर टॅपेटची (तळाशी फिरतं चाक असलेल्या टॅपेटची) इंजिनं असतील तर तिथे थोडी मोकळीक आहे, रोलर आणि त्याची पिन ठीक असेल तर तो दुसऱ्या कॅमवर चालू शकतो.

यार्डातला कॅम आणि तुमच्या इंजिनातला कॅम दोन्ही घेऊन एखाद्या सकाळी या, मोजून देतो. येताना पिशवीतले टॅपेट आणू नका, पण तुमच्या इंजिनातले आठ मात्र ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं आणा. कुठला लोब का गेला, हे त्यांच्या तळावरूनच कळेल.